मराठवाड्यातली हिवाळी परसबाग: आधी कागद, मग कुदळ

दरवर्षी बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. दिवाळीच्या सुट्टीत माणसं घरी जमतात, कुणीतरी बाजारातून बियांची दहा-बारा पाकिटं आणतं आणि एका सकाळी सगळी जागा उकरून सगळं पेरून टाकलं जातं. डिसेंबरात मेथी एवढी येते की वाटून संपत नाही. जानेवारीत वाफे रिकामे. फ्लॉवरला लिंबाएवढे गड्डे धरतात, वाटाणा फुलावर आला की ऊन तापायला लागतं आणि मार्चमध्ये पाणीच संपतं. यात मेहनत कुठेच कमी पडत नाही, फक्त कामांचा क्रम चुकतो.

खालचा क्रम पाच माणसांच्या घरासाठी आणि साधारण २० फूट बाय १५ फूट जागेसाठी आहे. आपल्याकडची काळी, भारी जमीन आणि बोअरचं किंवा नळाचं मोजकं पाणी धरून तो मांडला आहे. जागा कमी असेल तर वाफे कमी करा, क्रम मात्र बदलू नका.

## टप्पा १: सगळ्यात आधी पाणी मोजा

हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला दिवसाला सरासरी ४ मिलिमीटर पाणी लागतं असं धरा, म्हणजे एका चौरस मीटरला ४ लिटर. आपल्या २० बाय १५ फुटांत वाटा सोडून निव्वळ वाफे भरतात साधारण २२ चौरस मीटर. म्हणजे दिवसाला सुमारे ९० लिटर, १५ लिटरच्या सहा बादल्या.

भारी जमिनीला रोज पाणी देत नाहीत. रोपं रुजल्यावर पाच-सहा दिवसांनी एकदा दिलं तरी चालतं. पण त्या एका पाळीला ४५० ते ५०० लिटर हाताशी हवेत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल तर २०० लिटरचे दोन-तीन ड्रम ठेवायला जागा आहे का, ते आजच बघा. नसेल तर अर्धीच जागा लावा. अर्धी बाग पोसलेली परवडते; पूर्ण बाग लावून जानेवारीत सुकू देण्यात बी, खत आणि कष्ट तिन्ही वाया जातात.

भाजी, डाळ, तांदूळ धुतलेलं पाणी बागेला खुशाल वापरा. कपड्यांच्या साबणाचं पाणी काळ्या जमिनीला देऊ नका. त्यातल्या सोड्याने माती चोपण होते आणि पाणी मुरेनासं होतं.

तपासा: बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर धरतो का? धरत असेल तर पाणी क्षारांचं आहे. अशा पाण्यावर घेवडा, वाटाणा, गाजर नाराज राहतात. पालक आणि बीट बरंच सोसतात. पाककृतीचा हट्ट सोडून त्याप्रमाणे वाटणी करा.

## टप्पा २: जागा डिसेंबरच्या सावलीवरून ठरवा

हा टप्पा जवळजवळ सगळे चुकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

जागा बहुतेक वेळा गणपतीच्या सुमाराला ठरते. तेव्हा सूर्य दुपारी डोक्याच्या बऱ्यापैकी वर असतो आणि सहा फुटी कंपाउंडची सावली उत्तरेकडे जेमतेम दोन फूट पडते. डिसेंबरअखेर सूर्य दक्षिणेला झुकतो. आपल्या भागात त्या दिवसांत भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ भिंतीच्या उंचीएवढी, म्हणजे सहा फुटी भिंतीची साडेपाच फूट पडते. सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. सप्टेंबरात उन्हात दिसणारा वाफा डिसेंबरात दिवसभर सावलीत जातो आणि मग "टोमॅटो नुसता वाढतो, फळ धरत नाही" अशी तक्रार सुरू होते.

१. घराच्या किंवा भिंतीच्या दक्षिणेची मोकळी जागा पहिली पसंती. पूर्वेची दुसरी.

२. भिंतीच्या उत्तरेलाच जागा असेल तर भिंतीच्या उंचीएवढी पट्टी सोडून वाफे धरा. त्या पट्टीत कंपोस्टचा खड्डा आणि ड्रम ठेवा.

३. कडुनिंब, चिंच, सुबाभूळ यांच्या बुडाशी वाफा नको. त्यांच्या सावलीपेक्षा पाणी ओढणारी त्यांची मुळं जास्त नडतात.

४. वाफे पूर्व-पश्चिम लांब ठेवा आणि उंच वाढणारी पिकं सगळ्यात उत्तरेच्या वाफ्यात लावा, म्हणजे त्यांची सावली दुसऱ्यांवर पडणार नाही.

किमान सहा तास ऊन फळभाज्यांना लागतंच. पालेभाज्या चार-पाच तासांवर भागवतात.

## टप्पा ३: कागदावर वाफे पाडा

घरात आठवड्याला काय शिजतं ते स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारून लिहा. बीट कुणीच खात नसेल तर पाकीट छान दिसतं म्हणून आणू नका. उलट करडईची कोवळी भाजी, चुका, चाकवत, हरभऱ्याचे खुडलेले शेंडे या गोष्टी घरात आवडीने खाल्ल्या जातात, शहराच्या बाजारात ताज्या मिळत नाहीत, आणि परसबागेच्या यादीत मात्र नसतात. त्यांना आधी जागा द्या.

जागेत ३ फूट रुंद, २० फूट लांब असे चार वाफे आणि मध्ये एकेक फुटाची वाट. तीन फुटांपेक्षा रुंद वाफा करू नका. वाफ्यात पाय न घालता दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, कारण ओल्या काळ्या मातीत पाय पडला की तिथं ती दगडासारखी आवळते.

पहिला वाफा, सगळ्यात उत्तरेचा: १२ फुटांत टोमॅटोची ८ रोपं, उरलेल्या ८ फुटांत वाटाणा. कडेला झेंडूची चार-पाच रोपं.

दुसरा वाफा: वांग्याची ४ रोपं अडीच-अडीच फुटांवर, मिरचीची ६, कोबी-फ्लॉवर मिळून ६. वांग्याची चार रोपं थोडी वाटतात, पण नीट पोसलेली चार रोपं पाच माणसांना पुरून उरतात.

तिसरा वाफा: गाजर ६ फूट, बीट ३, मुळा ३, लसूण ८ फूट.

चौथा वाफा, दक्षिणेचा: फक्त पालेभाज्या. याचे दोन-दोन फुटांचे दहा खाने पाडा. सगळी बाग या दहा खान्यांवर चालते. ते कसं, ते टप्पा ७ मध्ये.

## टप्पा ४: तारखा सणावरून नको, ताटावरून मोजा

"दसऱ्याला पेरलं की झालं" असं म्हणतात. पण दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक. वाटाण्यासारख्या पिकाला तीन आठवडे म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश हंगाम.

त्याऐवजी उलट मोजा. लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या घरांसाठी सरळ हिशेब सांगते. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते. त्या दिवशीच्या भज्जीत, म्हणजे मिश्र भाजीत, घरचा वाटाणा, घरचं गाजर, मेथी आणि कांद्याची पात हवी असेल तर कॅलेंडरमध्ये त्या वर्षीची तारीख बघा आणि तिथून मागे या:

- गाजर: ८० ते ९० दिवस आधी पेरा
- वाटाणा: ६५ ते ७५ दिवस आधी
- कांद्याची पात: छोटे कांदे ४० दिवस आधी टोचा
- मेथी: ३५ दिवस आधी

मेथी एरवी २५-३० दिवसांत उपटायला येते. पण डिसेंबरच्या थंडीत तिची वाढ मंदावते, म्हणून आठवडाभर जास्त धरायचा.

बाकीच्यांचा अंदाज असा. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांचं बी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाकायचं आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लावणी करायची. लसूण ऑक्टोबरात. करडई आणि हरभरा भाजीसाठी ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. साठवणीचा कांदा लावायचाच असेल तर रोप ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात टाका आणि डिसेंबरात लावा. मात्र एवढ्या छोट्या जागेत साठवणीचा कांदा मी सुचवणार नाही. तो चार महिने जागा अडवतो आणि बाजारात सहज मिळतो.

सावधान: वाटाण्याची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापुढे ढकलू नका. फेब्रुवारीच्या उन्हात शेंगा भरत नाहीत आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) हमखास येते.

## टप्पा ५: वाफसा येईपर्यंत हात आवरा

परतीचा पाऊस उघडला की लगेच कुदळ मारण्याची घाई होते. ओली काळी माती खणली की तिची ढेकळं होतात, ती वाळून दगड बनतात आणि मग हंगामभर फुटत नाहीत. फार वाळू दिली तर भेगा पडतात आणि कुदळ उसळते. मधले मोजके दिवस आपले; त्यालाच वाफसा म्हणतात.

तपासा: वीतभर खोलीची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा चिपटून तसाच राहिला तर अजून दोन-तीन दिवस थांबा. पडून भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे, त्याच दिवशी खणा. गोळाच होत नसेल तर हलकं पाणी देऊन परत वाफशाची वाट बघा.

खणल्यावर असं करा:

१. एका चौरस मीटरला २ ते ३ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. कुजलेलं म्हणजे काळं, भुगा होणारं, शेणाचा वास नसलेलं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी आणि वाळवी घरात येतात. उकिरड्यातून खत काढताना पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या दिसल्या तर त्या वेचून टाका.

२. गाजर-मुळ्याच्या भागात यंदा खत घालू नका, किंवा अगदी जुनं, चाळलेलं घाला. ताज्या खतात गाजराला फाटे फुटतात.

३. चुलीची राख वाफ्यात ओतू नका. ही सवय फार घरांत आहे. आपली काळी जमीन आधीच विम्ल (अल्कधर्मी) आहे, राखेने ती आणखी विम्ल होते आणि नवी पालवी पिवळी पडते.

४. वाफ्याचा आकार पिकाप्रमाणे ठेवा. गाजर, बीट, मुळा, लसूण यांना अर्धा फूट उंच गादीवाफा. पालेभाज्यांना सपाट वाफा, कारण त्यात पाणी टिकतं. टोमॅटो, वांगी, मिरचीला सरी-वरंबा, आणि रोप वरंब्याच्या माथ्यावर नको, बगलेत लावा. क्षार माथ्यावरच गोळा होतात.

## टप्पा ६: रोपं

वाफे तयार होण्याची वाट न बघता रोपं आधीच, उंच जागी टाकायची असतात. सप्टेंबरात एखादा मोठा पाऊस पडतोच, म्हणून वर बांबूच्या कमानीवर पारदर्शक कागद टाकायची सोय ठेवा. पाऊस थांबला की कागद काढा.

बी चार बोटांच्या अंतराने आखलेल्या ओळींत, एक सेंटिमीटर खोल टाका. फेकून टाकू नका. दाट रोपं बुडाशी सडून आडवी पडतात आणि दोन दिवसांत अख्खी गादी जाते. बियाला ट्रायकोडर्मा चोळलं, किलोला ५ ग्रॅम या हिशेबाने म्हणजे घरच्या पाकिटाला चिमूटभर, तर ही मर बरीच आटोक्यात राहते. वर वाळलं गवत पसरा आणि कोंब दिसताच ते काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबट, पिवळी होतात.

फ्लॉवरचं बी घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: लवकरचं, मध्यम की उशिराचं? लवकरचं वाण थंडीत लावलं तर रोप वाढायच्या आतच बटणाएवढा गड्डा धरतो. उशिराचं वाण उबेत लावलं तर नुसती पानं.

तपासा: जुनं बी असेल तर २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवडाभरात १४ पेक्षा कमी उगवले तर नवं बी आणा. मिरची-वांग्याला दहा दिवस द्या.

## टप्पा ७: पालेभाजी हप्त्याने पेरा

चौथ्या वाफ्यातले दहा खाने आठवा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फक्त दोन पेरा. पुढच्या आठवड्यात पुढचे दोन. पाचव्या आठवड्यात वाफा भरतो आणि तोवर पहिले दोन काढणीला येतात. ते उपटले की खुरप्याने माती हलवा, ओंजळभर शेणखत टाका आणि तिथं दुसरी भाजी पेरा. अशाने जानेवारीअखेरपर्यंत आठवड्याला दोनदा घरची पालेभाजी निघते, आणि एकाच दिवशी पाच जुड्यांचं काय करायचं हा प्रश्न उरत नाही.

पेरणीचा वार ठरवून टाका. आठवडी बाजाराचा दिवस धरला तर विसर पडत नाही.

मेथीच्या एका खान्याला ३ ग्रॅम बी पुरतं; मुठीने ओतू नका. पालक एकदा पेरला की कापत राहा. पहिली कापणी महिन्याने, पुढच्या पंधरा-वीस दिवसांनी. बुडापासून दोन बोटं वर कापा. म्हणून पालकाला दोनच खाने द्या. मुळा तिसऱ्या वाफ्यात असला तरी त्यालाही हाच नियम: दर पंधरा दिवसांनी एक फूट.

कोथिंबिरीचं वेगळं सांगायला हवं, कारण "धने टाकले, उगवलेच नाहीत" ही तक्रार सर्वांत जास्त येते. अख्खा धना म्हणजे दोन बिया एकात. तो पोळपाटावर लाटण्याने हलक्या हाताने रगडून दोन फाकी करायच्या. दाबून नाही, नाहीतर डाळ फुटते. मग रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यावर पसरून ओलसर असतानाच पेरायच्या. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून वाफा उकरू नका.

गाजराचंही असंच. दोन आठवडे वरची माती ओलसर राहिली पाहिजे. वर ओलं गोणपाट टाका आणि कोंब दिसताच काढा. नंतर दोन रोपांत दोन-तीन बोटं राहतील अशी विरळणी कराच. ती टाळली की गाजराऐवजी दोऱ्या मिळतात.

सावधान: गुलाबी किंवा निळा रंग लावलेलं बी औषध लावलेलं असतं. ते हाताळल्यावर हात धुवा, उरलेलं स्वयंपाकघरात ठेवू नका.

## टप्पा ८: लावणी

रोप २५-३० दिवसांचं, वितीएवढं, पाच-सहा पानांचं झालं की लावा. मिरची-वांग्याला आठवडाभर जास्त. आधीचे तीन-चार दिवस पाणी कमी करा, उपटायच्या तासभर आधी मात्र भिजवा. लावणी उन्हं उतरल्यावर. कोबी-फ्लॉवरची सहा रोपं एकदम लावू नका. तीन आत्ता, तीन पंधरा दिवसांनी.

वाटाण्याला आधार पेरतानाच द्या. गेल्या वर्षीच्या तुराट्या यासाठी उत्तम. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) वापरू नका, त्यांत बोंडअळी आणि पिठ्या ढेकूण दडून बसलेले असतात.

## टप्पा ९: पाणी, आच्छादन आणि थंडीची लाट

रोपं रुजली की दोन बोटं जाडीचं सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट पसरा. पाणी वाचतं, आणि आणखी महत्त्वाचं म्हणजे भेगा पडत नाहीत. काळी जमीन भेगाळली की मुळं तुटतात. पालेभाजीच्या खान्यात मात्र भुसकट नको.

पाणी देण्याआधी बोट मातीत दोन पेरं घाला. आत ओल लागली तर आज पाणी नाही. कोबीला कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की गड्डा तडकतो, टोमॅटोही तडकतात.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे दुपार उबदार आणि पहाट कडक असते. परभणीत थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. लाटेचा इशारा आला की संध्याकाळी जमिनीला हलकं पाणी द्या. ओली जमीन ऊब धरते. पानांवर पाणी मारू नका. मिरची-टोमॅटोवर रात्रीपुरतं जुनं लुगडं किंवा गोणपाट काठ्यांवर टाका, सकाळी काढा. या दिवसांत टोमॅटोची फुलं गळाली तर खत वाढवू नका. थंडी ओसरली की फळ आपोआप धरतं.

## टप्पा १०: कीड

ढगाळ हवा आली की दुसऱ्या दिवशी कोबी, घेवडा, हरभऱ्याच्या शेंड्यांची खालची बाजू बघा. मावा सुरुवातीला एखाद-दुसऱ्या पानावरच असतो. तेवढी पानं खुडून साबणाच्या पाण्यात बुडवली तर काम होतं. पसरला तर ५ टक्के निंबोळी अर्क: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवा, गाळा, संध्याकाळी फवारा. कोबीशेजारी मोहरीची एक ओळ असली तर चौकोनी ठिपक्याचा पतंग आधी तिकडे जातो. वांग्याचा शेंडा माना टाकलेला दिसला की आत अळी आहे. शेंडा बोटभर खालून कापून जाळा.

शेतातल्या कपाशीचं किंवा सोयाबीनचं उरलेलं औषध परसबागेत आणू नका. सकाळी फवारलेली मेथी संध्याकाळी कोरड्यासात पडते.

## टप्पा ११: संक्रांतीनंतर

संक्रांतीनंतर मेथी, कोथिंबीर, मुळा नव्याने पेरणं थांबवा. ऊन वाढलं की मेथी-कोथिंबीर फुलावर येतात आणि मुळा जाळीदार, तिखट होतो. रिकाम्या खान्यांत जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत भेंडी आणि गवार घ्या. भेंडी त्याआधी टाकू नका, थंड मातीत तिचं बी उगवण्याऐवजी कुजतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं परभणी क्रांती हे वाण मिळालं तर ते घ्या. केवडा रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो) दाद न देणारं म्हणून ते काढलं होतं, पण आता त्यावरही केवडा येऊ शकतो.

किती खान्यांत भेंडी लावायची हे पुन्हा ड्रमकडे बघून ठरवा. मार्चपासून त्याच वाफ्याला पाणी दीडपट-दुपटीने लागतं. पाणी बेताचं असेल तर दोन खाने भेंडी, वांगी-मिरची तेवढी जगवा आणि बाकी वाफे मोकळे ठेवा.

मेथी आणि धन्याची प्रत्येकी दहा चांगली रोपं उपटू नका, बियाला सोडा. लसणाची पात पिवळी पडून माना टाकू लागली की पाणी तोडा, आठ-दहा दिवसांनी काढा आणि पातीसकट वेण्या घालून सावलीत टांगा. त्यातल्या सर्वांत मोठ्या कुड्या पुढच्या ऑक्टोबरच्या लावणीसाठी बाजूला बांधून, वर पिकाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.